वॉटरगेट : अमेरिकी राज्यघटनेनं सत्य बाहेर काढलं, की ते नशिबानं हाती लागलं?

मुक्ता_एडिसन :

नवरा सध्या इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करतोय. प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न आहे : सरकारच्या एकाच शाखेच्या हाती फार सत्ता जाऊ नये म्हणून काय सोय आहे? 'नियंत्रण आणि संतुलन' किंवा 'सत्तेची विभागणी' एवढं उत्तर पाठ करायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मला मात्र पुढे जाता येईना. हे नियंत्रण प्रत्यक्षात कधी चाललं, कसं चाललं, कुणी चालवलं? म्हणून अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचं वॉटरगेट प्रकरण मुळापासून वाचायला घेतलं. ज्यांना फक्त नाव ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

१७ जून १९७२. मध्यरात्र उलटून गेलेली. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात फ्रँक विल्स नावाचा रखवालदार फेरी मारत होता. एका दाराच्या कुलपाच्या जिभेवर चिकटपट्टी लावलेली त्याला दिसली, दार ओढलं तरी कुलूप लागू नये अशी. कामगारांनी लावली असेल म्हणून त्यानं ती काढून टाकली. पुढच्या फेरीत पाहतो तर पट्टी पुन्हा जागेवर. मग त्यानं पोलिसांना फोन केला. वर विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण सापडले, अंगात सूट आणि हातात रबरी मोजे. त्यांतला जेम्स मकॉर्ड हा अध्यक्षांच्या निवडणूक समितीचा सुरक्षा अधिकारी निघाला.

नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले. निवडणूक हे लोकशाहीतलं सगळ्यात मोठं नियंत्रण, ते इथे चाललंच नाही, कारण मत देताना लोकांना खरं काय ते माहीतच नव्हतं. जे झालं ते पुढच्या पावणेदोन वर्षांत झालं. सिनेटची चौकशी समिती, विशेष सरकारी वकील, जिल्हा न्यायाधीश सिरिका, सर्वोच्च न्यायालय, प्रतिनिधिगृहाची न्याय समिती, या सगळ्यांनी एकामागून एक त्याच गोष्टीची मागणी केली : कागद द्या, निक्सन यांच्या कार्यालयातल्या बोलण्याच्या टेपा द्या. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन राजीनामा देऊन पायउतार झाले.

माझं मत असं की सत्तेचा समतोल शेवटी एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो. सत्ताधाऱ्याच्या कपाटातला कागद मागायचा अधिकार कुणाला आहे, आणि तो 'नाही' म्हणाला तर पुढे काय? १९७४ मध्ये हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर मिळालं. म्हणून मी म्हणते व्यवस्थेनं काम केलं. पण 'नशीब होतं म्हणून झालं' असं म्हणणारेही बरेच भेटतात. तुम्हाला काय वाटतं?

आगाऊ_कार्टं :

जागा पकडून ठेवतो. वकीलकाका येऊ देत, मग रंगेल.

वकीलकाका :

आलो. मुक्ता, विषय उत्तम काढलास. टेपा द्यायला लावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा भाग मी सांगतो, कारण तो जसा सांगितला जातो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे.

निक्सन यांचे वकील जेम्स सेंट क्लेअर. त्यांचा युक्तिवाद दोन पदरी होता. पहिला : विशेष सरकारी वकील हा न्याय खात्याचा, म्हणजे अध्यक्षांच्याच हाताखालचा माणूस. हा घरातला वाद आहे, न्यायालयानं त्यात पडू नये. दुसरा : अध्यक्ष आणि सल्लागार यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं आणि त्यातलं काय उघड करायचं ते अध्यक्षच ठरवणार.

पहिल्या मुद्द्यावर न्यायालय म्हणालं की ॲटर्नी जनरलनी, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखांनी, नियम करून या वकिलाला स्वतंत्र अधिकार दिले आहेत, अध्यक्षांच्या विशेषाधिकाराला आव्हान द्यायचा अधिकारही त्यात आहे. नियम रद्द होत नाही तोवर तो करणाऱ्यालाही बांधील ठेवतो. दुसऱ्या मुद्द्यावर, गोपनीयतेचा अधिकार आहे हे मान्य केलं, पण तो निरंकुश नाही. लष्करी किंवा राजनैतिक गुपित असेल तर गोष्ट वेगळी. फौजदारी खटल्यात ठरावीक पुरावा हवा असताना नुसतं 'हे गोपनीय आहे' म्हणून भागणार नाही.

२४ जुलै १९७४, ८ विरुद्ध ०. नववे न्यायमूर्ती रेनक्विस्ट निक्सन यांच्या न्याय खात्यात काम करून आलेले, म्हणून ते बाजूला राहिले. उरलेल्या आठांपैकी तिघे निक्सन यांनीच नेमलेले, निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर धरून.

एकमत एवढं महत्त्वाचं का? व्हाइट हाउसकडून आधीपासून सांगितलं जात होतं की सर्वोच्च न्यायालयाचा 'निर्णायक' निकाल आला तर अध्यक्ष तो पाळतील. निकाल ५-३ आला असता तर तो निर्णायक आहे की नाही यावर वाद घालायला वाव राहिला असता. न्यायालयाच्या हाती ना फौज ना तिजोरी. आठही जण एका बाजूला उभे राहिले हीच त्याची ताकद.

शंतनू८२ :

काका, माहिती नेहमीप्रमाणे दमदार. पण मी नशीबवाल्यांच्या बाजूचा आहे.

१. टेपा होत्या हेच मुळात नशीब. जून १९७३ मध्ये निक्सन यांचे वकील जॉन डीन यांनी समितीसमोर २४५ पानांचं निवेदन वाचून दाखवलं, अध्यक्ष लपवाछपवीत सामील होते असं शपथेवर सांगितलं. तरी ती एका बडतर्फ माणसाची अध्यक्षांविरुद्धची साक्ष होती. टेपा नसत्या तर 'तो खोटं बोलतोय' म्हणून प्रकरण मिटलं असतं. १६ जुलैला अलेक्झांडर बटरफिल्ड या माजी अधिकाऱ्यानं ओव्हल ऑफिसमध्ये ध्वनिमुद्रणाची यंत्रणा आहे हे जाहीरपणे सांगितलं, तेव्हा खरा उलटफेर झाला. स्वतःच्याच खोलीत स्वतःविरुद्धचा पुरावा गोळा करणारा सत्ताधारी दर वेळी कुठून मिळणार?

२. तेव्हा काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. प्रतिनिधिगृह निक्सन यांच्याच पक्षाकडे असतं तर महाभियोगाची चौकशी सुरू तरी झाली असती का?

म्हणजे 'व्यवस्था' म्हणताय ती यंत्र आणि पक्षीय बहुमत यांची जुळून आलेली गाठ होती.

पारिजातक :

शंतनू, दुसरा मुद्दा अर्धाच खरा आहे. सिनेटची चौकशी समिती फेब्रुवारी १९७३ मध्ये ७७ विरुद्ध ० मतांनी स्थापन झाली, निक्सन यांच्या पक्षाच्या रिपब्लिकनांसकट. 'अध्यक्षांना काय माहीत होतं आणि केव्हापासून?' हा गाजलेला प्रश्न समितीतल्या रिपब्लिकन हॉवर्ड बेकर यांचा. आणि बटरफिल्ड यांना बंद दाराआड ध्वनिमुद्रणाबद्दल विचारणारा डोनाल्ड सँडर्स हा समितीच्या रिपब्लिकन बाजूचा वकील होता! त्यानं तो प्रश्न विचारलाच नसता तर? पण त्यानं विचारला, आणि बटरफिल्ड खरं बोलले. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आणि साक्षीला बोलावायचा समितीचा अधिकार या दोन गोष्टी त्या खोलीत हजर होत्या. याला मी नशीब म्हणणार नाही.

मी ह्यूस्टनला राहते. इथल्याच कृष्णवर्णीय प्रतिनिधी बार्बरा जॉर्डन न्याय समितीच्या सदस्य होत्या. २५ जुलै १९७४ च्या रात्रीचं त्यांचं भाषण मी कितीदा तरी ऐकलंय. त्या म्हणाल्या, १७ सप्टेंबर १७८७ ला 'आम्ही लोक' असं लिहून ही घटना पूर्ण झाली तेव्हा त्या 'आम्ही'मध्ये मी नव्हते. दुरुस्त्यांमुळे, न्यायालयाच्या निकालांमुळे मी आत आले, आणि आज माझा या घटनेवर पूर्ण विश्वास आहे. तिची मोडतोड होताना मी नुसती बघत बसणार नाही. ज्या समाजाला ही घटना लिहिताना माणूस म्हणून धरलं नव्हतं त्या समाजातली बाई अध्यक्षांना घटनेचा हिशेब मागतेय. तो आवाज ऐकताना दर वेळी अंगावर काटा येतो.

२७ जुलैला समितीत महाभियोगाचं पहिलं कलम २७-११ नं मंजूर झालं. सहा रिपब्लिकनांनी बाजूनं मत दिलं.

म्हापशेकर :

त्या गायब झालेल्या साडेअठरा मिनिटांबद्दल कुणी लिहा ना. आमच्या सोसायटीत हिशेबाचा विषय आला की इतिवृत्ताच्या वहीचं नेमकं तेच पान फाटलेलं असतं, त्याची आठवण झाली :)

मुक्ता_एडिसन :

@म्हापशेकर, लिहिते. चोरीनंतर तीनच दिवसांनी, २० जून १९७२ ला, निक्सन आणि त्यांचे प्रमुख सहायक हाल्डमन यांच्यात बोलणं झालं. त्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटं नुसती घरघर आहे. सचिव रोझ मेरी वुड्स यांनी सांगितलं की उतारा करताना फोन वाजला, तो घ्यायला वळताना चुकून भलतंच बटण दाबलं गेलं असेल आणि पाय पेडलवर राहिला असेल. त्यांना ते करून दाखवायला सांगितलं, त्याचा फोटो प्रसिद्ध आहे : डावा पाय टेबलाखाली पेडलवर, डावा हात मागे लांब ताणून फोनवर, अंग तिरकं. त्याही फार तर पाचेक मिनिटांचीच जबाबदारी घ्यायला तयार होत्या. न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञांनी जानेवारी १९७४ मध्ये सांगितलं की मजकूर एकदा नव्हे, किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसलेला दिसतो. कुणी पुसला ते कधीच सिद्ध झालं नाही.

आगाऊ_कार्टं :

त्याच सुमाराचा आणखी एक किस्सा. टेपा द्यायच्या ऐवजी निक्सन यांनी ३० एप्रिल १९७४ ला १,२०० हून जास्त पानांचे उतारे छापून दिले, स्वतः संपादित केलेले. जिथे तिथे 'अपशब्द वगळला' असं कंसात लिहिलेलं. मग निदर्शकांनी फलक केले : 'त्या (अपशब्द वगळला) वर महाभियोग चालवा'. लोकांचा विनोद कधीकधी अग्रलेखाच्या वरचा असतो.

खडकवासला :

सगळे निक्सन यांच्या चोरीबद्दल बोलताय. मला १९७१ आठवतं. डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट असायचा, खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवले होते, आणि बातमी आली की अमेरिकेचं 'एंटरप्राइज' जहाज बंगालच्या उपसागराकडे निघालंय. शाळकरी वय होतं, पण घरातल्या मोठ्यांचे चेहरे आठवतात.

सांगायचं असं की तीच टेप यंत्रणा १९७१ च्या फेब्रुवारीपासून चालू होती. इंदिरा गांधी नोव्हेंबरात वॉशिंग्टनला जाऊन आल्या तेव्हा निक्सन आणि किसिंजर त्यांच्याबद्दल काय भाषेत बोलले ते त्याच टेपांवर आहे. ढाक्यातले अमेरिकेचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिल १९७१ मध्ये सहकाऱ्यांसह तार पाठवली : इथे कत्तल चालू आहे आणि आपलं सरकार गप्प आहे, हे आम्हाला मान्य नाही. त्यांना ढाक्यातून हलवलं गेलं. आणि जॉर्डनमार्गे पाकिस्तानला लढाऊ विमानं पाठवणं आपल्याच कायद्यात बसत नाही हे ठाऊक असूनही त्याला संमती दिली गेली, तेही त्याच टेपांवर ऐकू येतं.

यातल्या कशाबद्दल महाभियोग झाला? कशाबद्दलही नाही. कंबोडियावर १९६९ पासून चोरून बॉम्बहल्ले केले, लष्करी नोंदींमध्ये लक्ष्य दक्षिण व्हिएतनाममध्ये असल्याचं खोटं लिहिलं. न्याय समितीसमोर त्याचंही कलम आलं होतं. २६-१२ नं फेटाळलं. विरोधी पक्षाच्या कार्यालयात शिरलात तर खुर्ची जाते, परक्या देशातल्या माणसांवर बॉम्ब टाकून खोटी नोंद केलीत तर जात नाही. हा समतोल कुणासाठीचा आहे, हेही विचारा.

पारिजातक :

खडकवासलाकाका, हा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. कंबोडियाचं कलम मांडणारे जॉन कॉनयर्स तेव्हा जवळपास हाच प्रश्न विचारत होते. ते फेटाळलं जाण्याचं एक कारण हेही की काँग्रेसमधल्या काही वजनदार सदस्यांना हल्ल्यांची कुणकुण होती आणि ते गप्प राहिले होते. ज्यानं स्वतः डोळे मिटून घेतले तो दुसऱ्याला काय जाब विचारणार?

वकीलकाका :

खडकवासला, मोलाचा मुद्दा. आणि त्याची मुळं आणखी मागे जातात. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर ४ तारखेला दुसरा हल्ला झाला असं अध्यक्ष जॉन्सन यांनी सांगितलं. तो हल्ला झालाच नव्हता हे आता सर्वमान्य आहे. पण ७ ऑगस्टला प्रतिनिधिगृहानं ४१६-० आणि सिनेटनं ८८-२ मतांनी अध्यक्षांना युद्धासाठी जवळजवळ कोरा धनादेश दिला. घटनेत युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा आहे. तो कुणी हिसकावला नाही, काँग्रेसनंच आपल्या हातानं देऊन टाकला, कारण माहिती एकाच बाजूकडे होती.

नोव्हेंबर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकारांचा कायदा झाला. काँग्रेसला ४८ तासांत कळवायचं, मंजुरी नसेल तर साधारण ६० दिवसांत सैन्य मागे घ्यायचं. त्यानंतरच्या अध्यक्षांनी तो किती पाळला हे आपण पाहतोच आहोत.

सह्याद्रीचा_वारा :

सगळे टेपांवर बोलताय, पत्रकारांना कुणी श्रेय देणार की नाही? वॉशिंग्टन पोस्टचे वुडवर्ड आणि बर्नस्टीन नसते तर १९७२ मध्येच फाइल बंद झाली असती.

शंतनू८२ :

श्रेय आहेच, पण त्यांच्यामागचा माणूस बघा. त्यांना आतली दिशा दाखवणारा मार्क फेल्ट हा एफबीआयमधला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. त्यानं २००५ मध्ये स्वतः ते जाहीर केलं. मे १९७२ मध्ये एफबीआयचे संचालक हूवर वारल्यावर ते पद आपल्याला मिळेल असं त्याला वाटत होतं. निक्सन यांनी बाहेरच्या पॅट्रिक ग्रे यांना बसवलं. देशप्रेम किती आणि डावललं गेल्याचा राग किती, कुणी सांगावं?

मुक्ता_एडिसन :

@शंतनू८२, पण हेच तर घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या मॅडिसन यांनी १७८८ मध्ये लिहून ठेवलंय. घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' पत्रांपैकी ५१ व्या पत्रात ते म्हणतात की महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनंच रोखायला हवं. माणसं देवदूत असती तर सरकारच लागलं नसतं. फेल्ट निर्मळ मनाचा नसेलही. घटनेला तशी माणसं मिळतील असं कुणी गृहीत धरलेलंच नाही.

म्हापशेकर :

आणि त्या शनिवारचं काय? ज्याला 'शनिवारच्या रात्रीचं हत्याकांड' म्हणतात ते. तेव्हा तर अध्यक्षांनी चौकशी करणारालाच काढून टाकलं ना?

पारिजातक :

हो, २० ऑक्टोबर १९७३. विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स टेपांचा हट्ट सोडेनात. निक्सन यांनी तडजोड सुचवली की सिनेटर जॉन स्टेनिस टेपा ऐकतील आणि गोषवारा पडताळून देतील. स्टेनिस वयोवृद्ध, कानानं अधू. कॉक्स 'नाही' म्हणाले. निक्सन यांनी ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांना सांगितलं, काढा त्यांना. रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या खालचे रकेल्सहाउस यांनीही नकार देऊन पद सोडलं. तिसरे रॉबर्ट बोर्क, त्यांनी आदेश पाळला.

रिचर्डसन का अडले? त्यांच्या नेमणुकीला सिनेटची मंजुरी हवी होती, आणि ती मिळवताना त्यांनी कबूल केलं होतं की गंभीर गैरवर्तन असल्याशिवाय कॉक्स यांना हटवणार नाही. मे महिन्यात घेतलेलं ते वचन ऑक्टोबरात उपयोगी पडलं. वॉशिंग्टनमध्ये तारांचा इतका पाऊस पडला की तीन दिवसांत निक्सन टेपा द्यायला तयार झाले. पुढे एका जिल्हा न्यायाधीशानं कॉक्स यांची हकालपट्टी बेकायदेशीर ठरवली, आणि नवे वकील लिऑन जॉवर्स्की आले ते कॉक्सइतकेच चिवट निघाले.

@शंतनू८२, यात नशीब कुठे?

शंतनू८२ :

नशीब रिचर्डसन या माणसात. त्या जागी बोर्क आधीपासून असते तर? घटनेत 'वचन पाळणारा मंत्री असावा' असं कलम नाही.

बरं, तुमच्या 'कागद मागायच्या अधिकारा'कडे येतो. समजा कागद मिळाला, सत्य सगळ्यांसमोर आलं. पुढे काय? ५ ऑगस्ट १९७४ ला २३ जून १९७२ ची टेप बाहेर आली, ज्यात निक्सन सीआयएकरवी एफबीआयची चौकशी थांबवायला संमती देताना ऐकू येतात. समितीत शेवटपर्यंत विरोधात मत देणाऱ्या रिपब्लिकनांनीसुद्धा ती वाचून मत बदलल्याचं जाहीर केलं. ७ तारखेला गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स हे त्यांच्याच पक्षाचे नेते व्हाइट हाउसमध्ये जाऊन सांगून आले की सिनेटमध्ये पद वाचवायला लागणारी ३४ मतं तुमच्याकडे नाहीत.

आता २०२१ बघा. ६ जानेवारीचा संसद भवनावरचा हल्ला देशानं टीव्हीवर थेट पाहिला. कुठली टेप मिळवायची गरज नव्हती. महाभियोगात सिनेटमध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७-४३ मत पडलं, सात रिपब्लिकन बाजूनं आले, हवी होती ६७. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मकॉनेल यांनी 'दोषी नाही' असं मत दिलं आणि त्याच दिवशी सांगितलं की जे घडलं त्याला ट्रम्प नैतिकदृष्ट्या जबाबदार आहेत, पण आता ते माजी अध्यक्ष आहेत आणि त्यासाठी फौजदारी न्यायव्यवस्था आहे. मग १ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालय ६-३ नं म्हणालं की अध्यक्षपदाच्या गाभ्यातल्या अधिकारांबाबत खटल्यापासून पूर्ण संरक्षण, आणि इतर अधिकृत कृतींबाबत निदान गृहीत संरक्षण. सिनेटनं न्यायालयाकडे बोट दाखवलं आणि न्यायालयानं दार अर्ध्याहून जास्त लावून घेतलं.

वकीलकाका :

शंतनू, २०२४ च्या निकालात एक भाग याहूनही जास्त खोलवर जाणारा आहे. न्याय खात्याशी अध्यक्षांनी केलेली चर्चा ही गाभ्यातली कृती धरली, म्हणजे तिच्यासाठी खटलाच नाही. शिवाय संरक्षण असलेल्या अधिकृत कृती खासगी गुन्ह्याच्या खटल्यात पुरावा म्हणूनही आणता येणार नाहीत. बहुमतातल्या न्यायमूर्ती बॅरेट यांनाही हे पुराव्याचं कलम पटलं नाही. १९७७ मध्ये निक्सन टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणाले होते की अध्यक्ष एखादी गोष्ट करतो तेव्हा ती बेकायदेशीर नसते. तेव्हा लोक अवाक झाले होते. ८ सप्टेंबर १९७४ ला निक्सन यांच्या जागी आलेले अध्यक्ष फोर्ड यांनी माफी दिली आणि निक्सन यांनी ती स्वीकारली, कारण खटला होऊ शकतो हे दोघंही धरून चालले होते.

आता मुक्ताच्या मुद्द्याकडे. तिच्या मांडणीत काँग्रेस आणि न्यायालय एका रांगेत उभे आहेत. तसं नव्हतं. सिनेट समितीनं टेपांसाठी दावा लावला होता आणि तो समिती हरली. मे १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं सांगितलं की समितीला त्या टेपा अत्यावश्यक आहेत हे दिसत नाही. टेपा मिळाल्या त्या फौजदारी खटल्यासाठी. काँग्रेसला कागद मागायचा अधिकार आहे हे सगळे म्हणतात, पण तो न्यायालयातून वसूल करून घ्यायला काँग्रेसला नेहमीच जड गेलंय. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या आर्थिक कागदपत्रांच्या दोन प्रकरणांत हेच दिसलं : न्यूयॉर्कच्या फौजदारी तपासाला ७-२ नं वाट मोकळी, आणि प्रतिनिधिगृहाला मात्र नव्या कसोट्यांवर परत पाठवलं.

मुक्ता_एडिसन :

काका, हे फार महत्त्वाचं. पण याच्यापुढची कडीही बघा. काँग्रेसला सरळ वाटेनं मिळालं नाही, तेव्हा महाज्यूरीनं (आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) मार्च १९७४ मध्ये आपला पुराव्याचा अहवाल सिरिका यांच्याकडे दिला आणि सिरिका यांनी तो प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीकडे पाठवला. एका हाताला नाकारलेलं दुसऱ्या हातानं पोचवलं. तीन शाखा एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या म्हणून काम झालं नाही, एकीची माहिती दुसरीपर्यंत पोचली म्हणून झालं.

@शंतनू८२, सत्य बाहेर आल्यावरही ६७ मतं मिळत नाहीत, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते असल्याचा आवही आणणार नाही. मतदारसंघात आपल्याच पक्षाची प्राथमिक निवडणूक हरायची भीती सिनेटरला घटनेपेक्षा मोठी वाटू लागली तर कुठलंही कलम पुरं पडणार नाही. पण त्यामुळे कागदाचा मुद्दा गौण होत नाही. २०२१ मध्ये जे टीव्हीवर दिसलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीच्या आठवड्यांत न्याय खात्यावर दबाव कसा आला, राज्यांच्या अधिकाऱ्यांना काय सांगितलं गेलं, ते साक्षी आणि कागदांतूनच कळलं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८-१ नं व्हाइट हाउसचे कागद प्रतिनिधिगृहाच्या समितीकडे जाऊ दिले, त्यातूनही बरंच कळलं. महाभियोगात शिक्षा झाली नाही, तरी इतिहास कुणाला बदलता येणार नाही.

सह्याद्रीचा_वारा :

'कुणाला बदलता येणार नाही' हे जरा धाडसाचं विधान आहे ताई. २० जानेवारी २०२५ ला त्या हल्ल्याच्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार लोकांना माफी मिळाली. कागद राहतो, पण त्याचा अर्थ काय लावायचा हे कोण ठरवतं?

मुक्ता_एडिसन :

मान्य, माफीनं बरंच काही पुसट होतं. पण कागद राहतो हेसुद्धा आपोआप घडलेलं नाही, ते लढून मिळवलंय, आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाला माझ्यामते तेच उत्तर आहे.

१९७४ पर्यंत अध्यक्षांची कागदपत्रं ही त्यांची खासगी मालमत्ता समजली जायची. निक्सन यांनी राजीनाम्यानंतर सरकारशी करार केला, त्यात काही वर्षांनी टेपा नष्ट करायची मुभा होती. ज्या टेपांसाठी देश ढवळून निघाला त्या जाळून टाकता आल्या असत्या! काँग्रेसनं डिसेंबर १९७४ मध्ये कायदा करून त्या ताब्यात घेतल्या. निक्सन न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये ७-२ नं हरले. मग १९७८ चा अध्यक्षीय दस्तऐवज कायदा आला : जानेवारी १९८१ पासून कारभार सुरू करणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाचे अधिकृत कागद जनतेच्या मालकीचे. खडकवासलाकाकांनी सांगितलेलं १९७१ चं बोलणं आज आपल्याला ऐकता येतं ते त्या डिसेंबरातल्या कायद्यामुळे. टेपा सापडल्या हे नशीब म्हणा हवं तर. त्या राहिल्या हे नशीब नाही.

खडकवासला :

मुक्ता, हे पटलं. त्या टेपा जाळल्या असत्या तर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेलं वॉशिंग्टनला किती आणि कसं पोचलं होतं हेही आम्हाला कळलं नसतं.

पण आता टेप कोण करतो? मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हल्ल्यांची चर्चा अमेरिकेचे मंत्री सिग्नल या संदेश-ॲपवर करत होते आणि चुकून एका संपादकालाच गटात घेतलं म्हणून ते बाहेर आलं. त्यातले संदेश ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सोय लावलेली होती. तिथे वुड्सबाईंच्या पेडलचीही गरज नाही.

वकीलकाका :

त्या प्रकरणात वॉशिंग्टनचे जिल्हा न्यायाधीश बोसबर्ग यांनी २७ मार्चला ११ ते १५ तारखांचे संदेश जपून ठेवायचा आदेश दिला. दावा लावणारी एक बिगरसरकारी संस्था होती, आधार संघराज्याच्या दस्तऐवज कायद्याचा. म्हणजे कायदा आहे, दावा लावणारे आहेत, न्यायाधीशही आहे. पण जो संदेश आदेशाआधीच पुसला गेला त्याचं न्यायालय काय करणार? या कायद्यांत कागद जपायचं काम ज्याच्या हाती कागद आहे त्याच्यावरच सोपवलेलं आहे, आणि जपला नाही तर त्याला हात लावायची तरतूद फार तोकडी आहे. पुढची दुरुस्ती व्हायला हवी ती तिथे.